एकाच जिन्यावर दोन गणेश चतुर्थ्या

२० ऑगस्ट २०२३. रविवार होता, त्यामुळे घरात सगळे निवांत लोळत होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावरून झांजांचा आवाज आला, मागोमाग उकडीच्या मोदकांचा वास जिना चढून वर आला, आणि लेक पलंगावरून ताडकन उठली. "आई, आपण गणपती आणायला विसरलो!"

विसरलो नव्हतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, अजून महिनाभर लांब. पेठेतल्या मंडळांचे मांडवही उभे राहिले नव्हते. पण तळमजल्यावरच्या नानांकडे टिळक पंचांग पाळतात. एरवी त्यांचा आणि आमचा गणपती एकाच दिवशी येतो. कधीतरी अधिक महिना मध्ये घुसतो आणि दोन मजल्यांमध्ये फाटाफूट होते. नऊ वर्षांच्या पोरीच्या आठवणीत अशी फाटाफूट नव्हती. ती थेट खाली गेली आणि नानांनाच विचारून आली. नाना म्हणाले म्हणे, "अगं, आकाश एकच आहे. मोजायला सुरुवात कुठून करायची एवढंच भांडण. आणि ते भांडण पुण्यात झालंय, म्हणजे मिटण्यातलं नाही."

मग ते भांडण काय आहे, हे तिला सांगायची वेळ माझ्यावर आली. सांगता सांगता मलाही काही गोष्टी नीट कळल्या. त्या इथे लिहिते.

माणसाला वेळ मोजायला आकाशाने तीन घड्याळं दिली. सूर्य उगवतो-मावळतो तो दिवस. चंद्र अमावास्येपासून अमावास्येपर्यंत जातो तो महिना, सरासरी २९.५३ दिवसांचा. आणि उन्हाळा-पावसाळा-हिवाळा फिरून परत येतात ते वर्ष, ३६५.२४२२ दिवसांचं. तिन्ही घड्याळं चोख चालतात, पण एकाचा दुसऱ्याशी भागाकार कधीच पूर्ण जात नाही. बारा चांद्रमहिने केले तर ३५४ दिवस आणि वर थोडे तास भरतात, म्हणजे वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी. वाण्याकडे सुट्या पैशांचा प्रश्न असतो तसंच. व्यवहार झाला, पण हे वरचे अकरा दिवस ठेवायचे कुठे? जगातली सगळी जुनी कॅलेंडरं ही या सुट्या पैशांची वेगवेगळी सोय आहे.

इस्लामी कॅलेंडर ते पैसे सरळ सोडून देतं. म्हणून रमजान दरवर्षी अकराएक दिवस आधी सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. मोमीनपुऱ्यातली रमजानची रात्रीची गर्दी कुणाला घामाघूम आठवते, कुणाला स्वेटर घालून. दोघंही खरं सांगत असतात. प्राचीन इजिप्तने उलटं केलं, चंद्रालाच हिशोबातून वगळलं. तीस दिवसांचे बारा महिने, वर पाच दिवस, संपलं. पण वर्षाचा पाव दिवस त्यांनी धरला नाही. त्यामुळे पहाटे व्याधाचा तारा पुन्हा दिसायला लागला की नाईलला पूर येतो ही त्यांची जुनी खूण दर चार वर्षांनी एक दिवस पुढे सरकायची, आणि हे सगळं जागेवर यायला सुमारे १४६० वर्षं लागायची. तिकडे मेसोअमेरिकेतल्या माया लोकांनी शुक्रावर नजर ठेवली. शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं. पाच चक्रं म्हणजे २९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षं म्हणजेही २९२०. हा मेळ त्यांना कागदाशिवाय सापडला असेल असं वाटत नाही, आणि कागद होताही: झाडाच्या सालीपासून केलेला. शुक्राची कोष्टकं असलेली त्यांची एक पोथी आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे.

बाबिलोनच्या लोकांची युक्ती आपल्याला सगळ्यात जवळची. १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमहिने यांत फरक पडतो जेमतेम दोन तासांचा. एकोणीस बारे दोनशे अठ्ठावीस. म्हणजे १९ वर्षांत सात महिने जास्तीचे घातले की चंद्र आणि ऋतू पुन्हा हातात हात घालून चालतात. त्यांनी कोणत्या वर्षी तेरावा महिना घालायचा हे ठरवूनच टाकलं.

आपल्याकडेही वेदांग ज्योतिषात सुरुवातीला असंच ठोकताळ्याचं गणित होतं: पाच वर्षांचं युग, १८३० दिवस, ६२ चांद्रमहिने, म्हणजे पाच वर्षांत दोन अधिक महिने. खरी पाच वर्षं १८२६ दिवसांचीच असतात, तेव्हा युगामागे जवळजवळ चार दिवस वाढायचे आणि मध्ये कधीतरी दुरुस्ती करावी लागायची. त्याच ग्रंथात सगळ्यात मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सगळ्यात लहान १२ मुहूर्तांचा सांगितलाय. मुहूर्त ४८ मिनिटांचा, तेव्हा झाले चौदा तास चोवीस मिनिटं आणि नऊ तास छत्तीस मिनिटं. पुण्यात जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला लहान अकरा तासांचा असतो. वेदांगातले आकडे जुळतात ते सुमारे ३५ अक्षांशाच्या प्रदेशाशी, म्हणजे खूप वर वायव्येकडे. ते निरीक्षण तिथलं, की आकडे कुठून उसने आले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुण्यात बसून लिहिलेलं ते नाही, एवढं मात्र आपल्या गच्चीवरच्या घड्याळानेही सांगता येतं.

पुढच्या काळात आपल्याकडे ठरीव कोष्टक गेलं आणि एक फार देखणा नियम आला. तो समजला की नानांचा ऑगस्टमधला गणपती समजतो.

आधी तिथी. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर अमावास्येला शून्य असतं आणि फिरून ३६० अंश होतं. त्याचे तीस भाग करा, बारा-बारा अंशांचे. एक भाग म्हणजे एक तिथी. चंद्र कधी जोरात पळतो, कधी रेंगाळतो, त्यामुळे तिथी १९ तासांतही संपते आणि कधी २६ तासांपर्यंत ताणते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी आखूड तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली तर तिचा क्षय; लांब तिथीने दोन सूर्योदय गाठले तर तिची वृद्धी. लागोपाठ दोन दिवस एकादशी का, याचं मूळ इथेच आहे.

मग महिना. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून त्याचं नाव पडलं: चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक. त्रिपुरी पौर्णिमेला पर्वतीवर दिवे बघायला गेलात तर जरा वरही बघा, चंद्राच्या आसपास कृत्तिकांचा झुपका सापडतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य आणि मथुरेत भाद्रपद कृष्ण, रात्र तीच.

आणि आता तो नियम. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्या क्षणाला संक्रांत म्हणतात. आपण तिळगूळवाली एकच लक्षात ठेवतो, पण वर्षात बारा संक्रांती असतात. साधारणपणे प्रत्येक चांद्रमहिन्यात एक संक्रांत पडते. सूर्याला एक रास ओलांडायला सरासरी साडेतीस दिवस लागतात आणि चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून दर साडेबत्तीस महिन्यांनी असा एक महिना येतो ज्यात एकही संक्रांत नाही. तो अधिक महिना, धोंड्याचा महिना. जावयाला तीसतीन अनारसे देऊन सासुरवाडी ज्याची किंमत मोजते तो. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हणही यातूनच आली: आधीच घरात दाणा नाही, त्यात वर्षाला आणखी एक महिना!

यात कोष्टक पाठ करायची गरज नाही, कोणी राजाने फर्मान काढायची गरज नाही. आकाशच सांगतं, आता एक महिना वाढवा. मला हा नियम फार आवडतो. जून-जुलैत पृथ्वी सूर्यापासून जरा लांब असते, सूर्य हळू सरकताना दिसतो, तेव्हा कर्क राशीत तो ३१ दिवसांहून जास्त रेंगाळतो. म्हणून अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन या पट्ट्यात पडतात. थंडीत धनु राशीतून तो साडेएकोणतीस दिवसांच्या आतच निसटतो आणि क्वचित एका चांद्रमहिन्यात दोन संक्रांती होतात. मग एक महिना गाळावा लागतो, तो क्षयमास. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये असं झालं होतं.

आता २०२३ कडे या, आणि घड्याळ जवळ धरा. १७ जुलैला पहाटे सूर्य कर्केत गेला. त्याच दिवशी मध्यरात्री, बाराला दोन मिनिटं होऊन गेली तेव्हा, अमावास्या संपली आणि नवा चांद्रमहिना लागला. पुढची अमावास्या संपली १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास. सूर्य सिंहेत गेला तो १७ ऑगस्टला दुपारी. एका दिवसाने हुकली! त्या महिन्यात संक्रांत नाही, म्हणून तो अधिक श्रावण. खरा श्रावण त्यानंतर, आणि भाद्रपद आणखी महिनाभराने. गणपती १९ सप्टेंबरला.

हे झालं आमच्या कॅलेंडरचं, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांचं. नानांच्या पंचांगात सूर्य सिंहेत गेला १३ ऑगस्टच्या सुमारास. चार दिवस आधी. म्हणजे अमावास्येच्या आत. मग तो महिना अधिक नाही, सरळ श्रावण. पुढचा लगेच भाद्रपद, आणि त्याची शुद्ध चतुर्थी २० ऑगस्टला. अमावास्येची वेळ दोन्हीकडे एकच, चतुर्थीचा चंद्रही एकच. फक्त सिंह रास कुठे सुरू होते यात चार अंशांचा फरक, आणि त्याची किंमत अख्खा महिना.

राशीचं तोंड आकाशात कुठे आहे हे कोण ठरवणार? तिथे रंगवलेली रेघ नाही. जुने सिद्धान्तग्रंथ सांगतात की रेवती नक्षत्राचा मुख्य तारा मेषारंभाला जवळजवळ चिकटून आहे. तेच ग्रंथ सांगतात की चित्रेचा तारा मेषारंभापासून बरोबर १८० अंशांवर, म्हणजे अगदी समोर आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी करायला गेलं की जमत नाही, चार अंश उरतातच. मग एक वाक्य निवडावं लागतं. आमच्या कॅलेंडरने चित्रा निवडली. टिळक पंचांगाने रेवती.

हा वाद एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात चांगला पेटला होता. तोवर आपली पंचांगं गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ग्रहलाघवावरून होत असत. पद्धत सोपी आणि हुशारीची, पण साडेतीनशे वर्षांत चूक साचत गेली आणि ग्रहणाची वेळ पंचांगात एक, आकाशात दुसरी, असं व्हायला लागलं. केरो लक्ष्मण छत्रे, पुण्याचे केरूनाना, यांनी युरोपीय कोष्टकांवरून नवं गणित बसवलं आणि १८६५ च्या सुमारास नवं पंचांग सुरू झालं. त्याला पैशाचं बळ आबासाहेब पटवर्धनांचं, म्हणून ते पटवर्धनी पंचांग. केरूनानांनी रेवतीचा तारा धरला. डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेले बाळ गंगाधर टिळक पुढे त्याच पक्षाचे झाले, आणि पंचांगाला त्यांचं नाव चिकटलं.

याच पुण्यात ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित होते. भारतीय ज्योतिषाचा मराठीतला त्यांचा इतिहास १८९६ साली आला, आजही त्या विषयात त्याला ओलांडून जाता येत नाही. दीक्षितांचं म्हणणं तिसरंच: ताऱ्यांवर विसंबूच नका. वर्ष मोजा ते दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून, म्हणजे ऋतूंपासून. याला सायन पद्धत म्हणतात. ताऱ्यांपासून मोजायची ती निरयन. तर एका गावात तीन पक्ष.

दीक्षितांचा मुद्दा कळायला पृथ्वीचा भोवरा बघावा लागतो. भोवरा फिरताना त्याचा माथाही सावकाश गोल डुलतो, तसा पृथ्वीचा अक्ष डुलतो. एका डुलण्याला जवळजवळ २६ हजार वर्षं. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, ताऱ्यांमधून मागे मागे सरकते: ७२ वर्षांत साधारण एक अंश. ताऱ्यांवर बांधलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं पडतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण दीड हजार वर्षांत ती वीस दिवसांवर जातात.

हे सरकणं घड्याळासारखं वापरता येतं, आणि इथे दीक्षितांनी कमाल केली. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक वाक्य आहे की बाकीची नक्षत्रं पूर्वेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षित म्हणाले, याचा अर्थ त्या काळी कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत होत्या. आणि गणित केलं तर तसं इसवीसनापूर्वी ३००० च्या सुमारास होतं. टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या इंग्रजी ग्रंथात आणखी मागे जाऊन मृगात वसंतसंपात असल्याच्या खुणा वेदांत शोधल्या. या तारखा सगळ्यांना मान्य नाहीत. वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की आधीच्यांकडून ऐकलं, हा प्रश्न उरतोच. पण आज पुण्यातून कृत्तिका उगवताना बघा: ठीक पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकलेल्या दिसतील. ब्राह्मणकाराने आज आमच्या गच्चीवर उभं राहून ते वाक्य लिहिलं नसतं.

आणि याच सरकण्याचा फटका तिळगुळाला बसलाय. उत्तरायण खरं सुरू होतं २१ किंवा २२ डिसेंबरला. आमच्या गच्चीवरून पूर्वेला समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. डिसेंबर संपता संपता सूर्य तिच्या उजवीकडे जायचा थांबतो आणि पुन्हा डावीकडे परतायला लागतो. जूनपर्यंत क्षितिजावर जवळजवळ पन्नास अंश फिरतो. मकर संक्रांत मात्र येते १४ किंवा १५ जानेवारीला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होते, तेव्हापासून संक्रांत पुढे पुढे जातेय. टिळक पंचांगात ती १० जानेवारीच्या आसपास असते, म्हणजे नाना आम्हाला तिळगूळही आधीच देतात.

संक्रांत १४ तारखेला कायमची खिळलेली नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्वामी विवेकानंद संक्रांतीला जन्मले, १२ जानेवारी १८६३ ला. आणखी मागे गेलं तर पानिपत. १४ जानेवारी १७६१ म्हणजे संक्रांतीचा दिवस, त्यावरून 'संक्रांत कोसळणे' म्हणतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गणित केलं तर त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. लढाई झाली तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा. दुःख त्याने कमी होत नाही, पण आजचं कॅलेंडर मागे नेऊन लावलं की असे घोटाळे होतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशभरात तीसेक पंचांगं चालतात, असं तिला आढळलं. तिने नागरी कामासाठी सायन मार्ग घेतला आणि २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र शके १८७९ म्हणून, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. 'भारतीय सौर' असं वर्तमानपत्राच्या मथळ्याखाली बारीक अक्षरांत असतं ते हेच. ऋतूंशी अगदी पक्कं बांधलेलं, गणिताला निर्दोष, आणि त्यावरून कोणी वाढदिवस करत नाही. सण-वार निरयनच राहिले. मला स्वतःला बुद्धीने दीक्षित पटतात, पण गुळाची पोळी डिसेंबरात खायची कल्पना काही केल्या घशाखाली उतरत नाही.

२०२३ ची दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी लेक आणि नाना दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले होते. नानांना तिला तो रेवतीचा तारा दाखवायचा होता, ज्याच्यामुळे त्यांचा गणपती महिनाभर आधी येऊन गेला. मीन राशीतला तो तारा पाचव्या प्रतीचा आहे, गावाबाहेर अंधारातही डोळे ताणावे लागतात. सदाशिव पेठेत रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश पिवळट झालेलं. अर्धा तास शोधून दोघं खाली आले. "चित्रा केवढी ठळक आहे, ती का नाही घेतली?" असं लेकीने विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "केरूनानांच्या वेळी पेठेत कंदील होते."

२०२४ मध्ये दोन्ही पंचांगांची चतुर्थी ७ सप्टेंबरला आली. आमच्या जिन्यावर मोठं मोदकपात्र एकच आहे, नानींचं. आदल्या वर्षी ते सप्टेंबरात आठवडाभर आमच्याकडेच होतं. या खेपेला त्यांचा नैवेद्य होईपर्यंत आम्ही थांबलो, आणि आमची आरती दीड वाजता झाली.